चौथी हाक

मी बी.ए. झालो तो आडकूबाबा कोतवालांमुळे. आता ते नाहीत, म्हणून हे लिहिता येतं.

सालेकसाजवळच्या आमच्या गावात बंदी यायची ती त्यांच्या तोंडून. गळ्यात डफडं, मान जराशी वाकडी. तलावात मासे धरणं बंद, पटकीच्या साथीत बाजार बंद, मोहाची दारू बंद. गावाच्या चारी टोकांना हाक पडली की बंदी लागली, त्याआधी नाही. आणि ज्यानं पहिली हाक दिली त्यानंच चौथी द्यायची, अर्धी राहिलेली बंदी दुसऱ्यानं नव्यानं द्यायची नाही, असा रिवाज. ते म्हणायचे, "बंदी कागदावर नाही राहत बाबू, माह्या गळ्यात राहते."

मी गोंदियाच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या पंगतीत जेवतो, हे गावात कळलं. ऐन धानाच्या रोवणीच्या तोंडावर पंचांनी आमच्या घराचं आगपाणी बंद करायचं, आम्हाला वाळीत टाकायचं ठरवलं. वडील म्हणाले, "चारी हाका झाल्या तर तुही शाळा संपली."

संध्याकाळी आडकूबाबांनी तीन टोकांना हाक दिली. चौथं टोक आमच्या विहिरीपाशी. तिथं आई पाणी ओढत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, डफडं खाली ठेवलं आणि गळ्याकडे बोट दाखवलं.

"काऊन रे आडकू? आत्ताच तं बोंबलून राहिला होता!" मुख्य पंच ओरडले.

बाबांनी नुसती मान हलवली.

"येईल उद्या गळा. जाते कुठी?" पंच म्हणाले.

गळा आला नाही. बायका आमच्या रोवणीला आल्या, मी गोंदियाला परतलो. कोतवाली दुसऱ्याकडे गेली. पंच मात्र विसरले नाहीत. बाबांच्या कुडामागे कुणीतरी बसवलेलं असायचं, खोकल्यात एखादा शब्द सापडतो का ते ऐकायला. बाजारात पोरं मागून काडी टोचत. बायको गेली तेव्हाही बाबा आवाज न करता रडले.

एकदाच, दरेकसा स्टेशनावर, मालगाडी धडधडत जात असताना ते माझ्या कानाशी वाकले. "शिक बाबू. मले काही झालं नाही."

निकाल लागल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. गावात पत्रं वाचून दाखवायचा तो मुख्य पंचांचा मुलगा.

"ती. आडकूबाबा यांस सा. नमस्कार.
मी बी.ए. पास झालो. धाकटी बहीण शेवंता यंदा गोंदियाच्या शाळेत येते आहे. तीही वसतिगृहातच राहील, तिथंच जेवेल. इथं गळ्याचे चांगले डॉक्टर आहेत, पण तुम्हाला या म्हणत नाही. औषधही पाठवत नाही. राग मानू नये.
आपला, सुखदेव"