ऑब्री थर्टलचा हंस

"मिळाला?" मेव्हिसनं भांडी घासता घासता, मागं न बघताच विचारलं.

"वर होते," ऑब्री म्हणाला आणि दारातच बसून चिखलानं जड झालेले गमबूट ओढायला लागला.

ऑक्टोबरपासून त्या घरात सकाळचं बोलणं म्हणजे एवढंच. मागं वळून बघायची मेव्हिसला गरजच नव्हती. हंस मिळालेला माणूस दारात बसून बूट काढत नाही, चिखलासकट थेट ओट्यापर्यंत येतो. काळी कुत्री पेग मात्र रोज खाली मान घालून आत यायची आणि चुलीपुढं अंग टाकायची. लाज वाटायचं काम तिनं एकटीनंच अंगावर घेतलं होतं.

हंस म्हणजे तलावातला पांढराशुभ्र हंस नव्हे. तो इंग्लंडच्या राणीचा, त्याला कोणी हात लावत नाही. हे करडे, गुलाबी पायांचे रानहंस. हिवाळाभर रात्री ते खाडीच्या तोंडाशी वाळूवर झोपतात आणि उजाडताना खाजणावरून, बांधावरून आत शेतात चरायला जातात. मधल्या खाजणात कुठल्यातरी चरात, हातात बंदूक, बुडाखाली पोतं आणि शेजारी कुत्री घेऊन, ऑब्री थर्टल बसलेला असायचा.

बसलेला म्हणायचं आपलं. ऑब्रीला बसणं कधी जमलंच नाही. चर्चमध्ये त्याचा गुडघा हलायचा, जेवताना तो काट्यानं टेबलावर रेघा मारायचा, टीव्हीसमोर दर पाच मिनिटांनी उठून कोळसा बघून यायचा. जन्मभर ट्रॅक्टर चालवल्यानं त्याच्या अंगात इंजिन शिरलंय, असं मेव्हिस म्हणायची. तरी याच माणसाला पक्ष्यांची वाट बघण्याचा नाद लागावा, याला काय म्हणावं?

यंदा त्या नादाला एक अट चिकटली होती. मेव्हिसची बहीण डोरीन दर जानेवारीत टेनेरीफ बेटावर उन्हाला जायची आणि तिथून उघड्या पावलांचे आणि निळ्या पाण्याचे फोटो पाठवायची. मेव्हिस शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची. थंडीत तिचे गुडघे सुजायचे आणि जानेवारीत नवरा पहाटेपासून चिखलात. शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी तिनं हात पुसले आणि सांगून टाकलं, "वीस फेब्रुवारीला तुझा मोसम संपतो. तोवर एक हंस या ओट्यावर आला, तर मी पुन्हा टेनेरीफचं नाव काढणार नाही. नाही आला, तर बंदूक टेरीला द्यायची आणि पुढच्या जानेवारीत माझ्याशेजारी उन्हात बसायचं. पंधरा दिवस. खुर्चीत."

टेरी हा तिचा भाचा, बंदुकीवर कधीचा डोळा ठेवून असलेला. ऑब्रीनं हसून हो म्हटलं. एक हंस म्हणजे काय मोठं, असं तेव्हा त्याला वाटत होतं. ती दुनळी बंदूक त्याच्या बापाची होती. आणि पंधरा दिवस खुर्चीत बसायच्या नुसत्या कल्पनेनं त्याला घाम फुटायचा.

मग सुरू झाली फजिती. नोव्हेंबरात धुकं इतकं दाट पडलं, की हंस डोक्यावरून कलकलाट करत गेले आणि एकही दिसला नाही. एकदा ते अगदी टप्प्यात आले, तेव्हा ऑब्री थर्मासमधून चहा ओतत होता. एकदा पाय झिणझिणले म्हणून तो उभा राहिला, आणि त्याच क्षणी समोरून आलेला थवा त्याला पाहून फुटला. दोनदा भरती अंदाजापेक्षा लवकर चढली आणि पेगला बखोटीला मारून त्याला कमरेभर पाण्यातून बांध गाठावा लागला. पण हे सगळं परवडलं. जिवाला खाणारी गोष्ट दुसरीच होती. खाजणातल्या प्रत्येक चराला नाव होतं. चार दिवस हंस मिलरच्या चरावरून जाताना दिसायचे. पाचव्या दिवशी तो मिलरच्या चरात जाऊन बसावा, तर ते विधवेच्या चरावरून. तो विधवेच्या चरात गेला, की आणखी पलीकडून. ऑब्रीला वाटायला लागलं, की वाळूवर बसून ते रात्री त्याचीच चर्चा करतात.

जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी पबमध्ये पर्सी मॉलेटनं त्याला गाठलं. पर्सी खेकडे धरायचा आणि फावल्या वेळात माणसं.

"आज कुठं होतास गड्या?"

"मिलरच्या चरात."

"आणि हंस?"

"विधवेच्या."

"काल कुठं होतास?"

"विधवेच्या."

बारपाशी कोणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. पर्सीनं खुर्ची जवळ ओढली. "मला एक सांग ऑब्री, हंस आत येतात कशाला?"

"पाल्याला."

"कसल्या पाल्याला?"

"बिटाच्या. शाळामास्तरासारखं काय विचारतोयस?"

"बीट काढून कारखान्याला गेलं, की तो पाला वावरात पडून राहतो. त्यावर हंस उतरतात. बरोबर? मग चार दिवसांनी ट्रॅक्टर घेऊन कोण जातं, आणि पाला मातीत कोण गाडतं?"

ऑब्रीचा ग्लास ओठाशीच थांबला. त्याला एकेक वावर आठवलं. गिरणीमागचं, मग तळ्याकाठचं, मग विटांच्या भट्टीजवळचं. एकेक त्यानंच नांगरलेलं, सरळ रेघेत, मागं सीगल पक्ष्यांची वरात घेऊन. पहाटे जे हंस तो शोधायचा, त्यांचं ताट दुपारी तोच उचलून ठेवायचा.

"नाताळापासून वाट बघतोय आम्ही," पर्सी म्हणाला, "तुझ्या डोक्यात उजेड कधी पडतो त्याची."

"सांगायचंस की मग, मेल्या."

"सांगितलं असतं तर आम्ही हिवाळा कशावर काढला असता?"

त्या रात्री ऑब्रीनं बिछान्यात इतकी चुळबुळ केली, की मेव्हिस उशी घेऊन बाहेर कोचावर गेली.

आता एकच वावर उरलं होतं, चर्चच्या मागचं. तिथं पाला अजून हिरवा होता आणि सगळे हंस रोज तिथंच उतरत होते, विधवेच्या चरावरून. ऑब्रीनं तो चर धरला तो सोडलाच नाही. पण वारा पडलेला. वारा नसला की ते आभाळाला टेकून जातात. रोज त्यांची पोटं दिसायची आणि रोज तो घरी जाऊन "वर होते" म्हणायचा. त्याला हवा होता एक वाऱ्याचा दिवस, आणि तोवर ते वावर शाबूत.

शेवटच्या आठवड्यात मुकादम लार्टर ट्रॅक्टरपाशी आला. "गुरुवारी चर्चमागचं उरकून टाक."

"सोमवारी केलं तर?"

"सोमवारी पाऊस आहे. पेरणी अडेल."

"रेडिओवर रोजच पाऊस असतो. चार दिवस थांब की."

"तू थांबतोस का कधी?" लार्टर म्हणाला. "तू चर्चमध्ये आमेनपर्यंत थांबत नाहीस. गहू तुझ्या हंसांसाठी कशाला थांबेल?"

गुरुवारी सकाळी ऑब्री हातात पाना घेऊन ट्रॅक्टरसमोर बराच वेळ उभा होता. तेलाची एक नळी सैल केली, की दोन दिवसांचं काम सहज अडलं असतं. कोणाला कळलंही नसतं. त्यानं पाना नळीला लावलासुद्धा. मग स्वतःलाच शिवी हासडून तो खिशात टाकला आणि वर चढला. हे इंजिन त्यानं लेकरासारखं सांभाळलं होतं.

नांगर वावरात शिरला तेव्हा हंस पलीकडच्या टोकाला चरत होते. ते उडाले नाहीत. ट्रॅक्टर त्यांच्या ओळखीचा होता. नांगर एक फेरी पुढं आला, की ते तेवढंच मागं सरायचे आणि घाईघाईनं पाला ओरबाडायचे. होता होता कुंपणालगत एक हिरवी पट्टी उरली, आणि त्या पट्टीवर सगळे दाटीवाटीनं. ऑब्रीनं ट्रॅक्टर थांबवला. मग मागं वळून बघितलं, तर रस्त्यावर लार्टरची गाडी उभी. त्यानं उरलेली पट्टीही नांगरून टाकली.

शुक्रवारी हवा फिरली. समुद्राकडून झोंबरा वारा आणि बर्फाळ पाऊस. आसपासच्या कोवळ्या गव्हावर हंसांना कोणी बसू देत नाही. तिथं पाखरं हुसकायच्या गॅसच्या तोफा दिवसभर धडधडत होत्या.

शनिवार, वीस तारीख. इतका हवासा वारा मिळाला तो अगदी अखेरीला. पण पाला मातीत गेला होता आणि ऑब्रीला आशा उरली नव्हती. तो गेला, कारण न जाता घरात बसणं त्याच्यानं झालं नसतं. उजाडताना हंस वाळूवरून उठले, वारा पाठीशी घेऊन भरारा उंचावरून आत गेले. पाला नसला तरी सवयीनं चर्चच्याच दिशेला.

"संपलं," तो पेगला म्हणाला आणि काडतुसं काढायला बंदूक उघडली.

तेवढ्यात मागून आवाज आला. सकाळी आत गेलेले हंस संध्याकाळशिवाय परतत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. हे परतत होते. काळ्या मातीवर घिरट्या घालून, तोफांनी हाकलल्यावर, आता वाऱ्याला तोंड देत, बांधाला घासून, अगदी खालून. त्यांच्यात एरवीचा कलकलाट नव्हता. ऑब्रीनं बंदूक मिटली, उभा राहिला आणि झाडली. एक हंस गाळात पडला आणि पेग बाणासारखी सुटली.

घरी जाताना तो मागच्या वाटेनं गेला नाही. मुद्दाम गावातून, पबवरून, पर्सीच्या दारावरून गेला. चिखलासकट आत शिरला आणि हंस ओट्यावर ठेवला. मेव्हिसनं हंसाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जिंकलास," ती म्हणाली. खुर्ची ओढून पिसं उपटायला बसली.

थोड्या वेळानं तिचे हात थांबले. "इकडे ये. हात लाव जरा."

ऑब्रीनं हात लावला. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं, दोन्ही बाजूंना मांस नावालाच. तिनं पोट उघडलं. आत वाळूचे खडे आणि काळपट धागे, बाकी काही नाही.

"उपाशी होता रे हा."

ऑब्री खिडकीशी गेला, परत आला, परत खिडकीशी गेला. त्याला ती हिरवी पट्टी दिसत होती. शरमेनं त्याचे कान तापले. "बंदुकीनं नाही मारला मी हा," तो अखेर म्हणाला. "हिवाळाभर मारत आलो आणि गुरुवारी पुरता मारला, ट्रॅक्टरवर बसून. डोरीनला फोन लाव. मी हरलो. टेरीला सांग बंदूक घेऊन जा म्हणावं."

मेव्हिसनं हंस उलटापालटा करून पाहिला. जिंकायची इतकी सोपी वेळ तिला पुन्हा आली नसती. "असल्या हाडांवर मी पैज जिंकत नाही आणि तूही नाही," ती म्हणाली. "हा धरायचा नाही. पुढच्या वर्षी खाऊनपिऊन असलेला आण. तोवर बंदूक इथंच राहू दे. आणि माझे गुडघे काही तुझ्या हंसांसाठी थांबणार नाहीत, मी डोरीनबरोबर एकटी जाऊन येईन."

त्या हंसाचं त्यांनी सूप केलं आणि दोघांनी ते पाव बुडवून संपवलं.

पुढच्या शरदात बीट निघायला लागलं, तेव्हा ऑब्री स्वतः लार्टरकडे गेला. चर्चमागचं वावर फेब्रुवारी संपेपर्यंत राहू दे, म्हणाला. मग रविवारी येऊन फुकट नांगरतो. रविवारी आपल्या भागात शिकारीला बंदी, मी मोकळाच असतो.

"म्हणजे रोज तुला हंस," लार्टर डोळे बारीक करून म्हणाला.

"म्हणजे रोज त्यांना जेवण. माझं मी बघतो."

लार्टर बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, गहू उशिरा झाला तर मालकासमोर तू उभं राहायचं. ऑब्री हो म्हणाला.

जानेवारीत एका सकाळी फोन वाजला तेव्हा तो दारात बसून बूट ओढत होता. एक पाय बुटात, एक मोज्यात, तसाच लंगडत तो धावला. मागं कुठंतरी लाटांचा आवाज येत होता आणि डोरीनचं हसणं.

"मिळाला?" मेव्हिसनं विचारलं.

"वर होते."

"आणि कसे होते?"

"जाडे," ऑब्री म्हणाला. "चांगले जाडे होते, मेव्हिस."