लेकीला आणायला गाडी

हायस्कुलात क्लार्की करून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन ती किती! नव्या गाडीच्या शोरूमकडे मी मान वळवूनसुद्धा बघत नसे. पण गाडी हवीच होती. लेक पुण्यात असते. नात झाल्यापासून तिचं येणं कमी झालं आणि हळूहळू थांबलंच. विचारलं की म्हणायची, "बाबा, लोकलनं कामशेतला उतरायचं, मग पोरीला मांडीवर घेऊन पवनानगरच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं. नाही हो जमत." गेल्या महिन्यातही तेच म्हणाली. मला पटलं. त्या जीपमध्ये माणसं बसत नाहीत, भरली जातात. बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणजे टीव्हीचा, तोही मी लावला तर. मी ठरवलं, आपली गाडी घेऊन स्टेशनावर उभं राहायचं.

जवळच्या उर्से गावात एका शेतकऱ्याची जुनी गाडी विकायला होती. लोक आधी बॉनेट उघडतात. मी मागचं दार उघडलं, सीट दाबून पाहिली, काच नीट वर होते का ते पाहिलं.

"आबा, इंजन बघा की आदी," मालक हसत म्हणाला.

इंजिनातलं मला काय कळतंय? "गाडी उत्तम आहे," असं मीच बोलून बसलो. मग घासाघीस करायला तोंड उरलं नाही.

कागदांवर सह्या झाल्या. निघताना मालकाची आई ताट घेऊन आली. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, पदरानं डोळे पुसले. "धा वर्सं राबली आमच्यात. लय गुणाची हाय. तुमच्या घरी ववाळून घ्यायला कोन हाय?"

"लेक आहे," मी म्हणालो. खोटं बोलायला वेळ लागला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

घरी पोचलो. रीत म्हणून मीच आत जाऊन भाकरीचा तुकडा आणला, गाडीवरून ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातलं. कुणी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं कुणीतरी.

मग लेकीला फोन लावला. "गाडी घेतलीय. कुठल्या लोकलनं येतेस सांग, मी स्टेशनावर थांबतो."

ती म्हणाली, "कशाला घेतलीत, बाबा? आपल्याकडे आहे की. ह्यांनी दिवाळीतच घेतली ना."

दिवाळी होऊन सहा महिने झाले होते. मला इतकं एकटं बायकोच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

"मी बोलले नव्हते का तुम्हाला?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"बोलली असशील," मी म्हणालो. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."