शिलाईताईंची दोन घरं आणि एक मशीन

शिलाईताईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जन्मभर दुसऱ्यांना वर पोचवलं आणि आपण तळमजल्यावर कुजलो, ही त्याची जुनी ठसठस. त्यामुळे गल्लीच्या टोकाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला, तसा गडी हटूनच बसला. खालचं घर भाड्याने द्यायचं, त्या भाड्यात वरच्याचा हप्ता फेडायचा आणि गॅलरीत बसून आम्हा खालच्या लोकांची टकलं बघायची, असा त्याचा बेत. ताईंनी तो उलटसुलट करून तपासला, कुठे शिवण उसवलेली दिसेना. हो म्हणाल्या.

आता ताईंच्या धंद्याला पाटी कधीच नव्हती. रस्त्यालगतची खिडकी आणि आतला मशीनचा खडखडाट, एवढ्यावर माणसं यायची. दोघा शहाण्यांनी नेमकी ती खिडकी भाड्याने देऊन टाकली.

भाडेकरू मिळाले कंडक्टरकाका. निवृत्त, एकटे, अंगात बस अजून चालू. ताईंचं मशीन सहाव्या मजल्यावर गेलं आणि तिथली लिफ्ट तिसऱ्याच दिवशी बसली. ती निघाली दुसऱ्या कंपनीची. ताईंच्या नवऱ्याला हात लावायला मनाई. बायका एकदा जिन्याकडे बघायच्या, एकदा आपल्या गुडघ्यांकडे, आणि कापडाची पिशवी घेऊन जुन्या दाराशीच जायच्या. तिथे काका हजर. "पडदेवाले डावीकडे, पँटवाले उजवीकडे. दार अडवू नका." मापंही मीच घेतो, असं ते एकदा म्हणाले म्हणे. पण आमची गल्ली काय, वाटेल ते बोलते.

ताई रोज उतरायच्या, पिशव्या उचलायच्या, धापा टाकत चढायच्या. पण फिटिंगला माणूस लागतो, पिशवी चालत नाही. अर्धी कामं बिघडून परत येऊ लागली. त्यात बेकरीवाल्या मावशींनी त्यांना रस्त्यातच गाठलं. मावशी म्हणजे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्या जिथे शिवतील तिथे अख्खी गल्ली शिवणार.

"पोरीच्या लग्नाचे कपडे त्या नव्या बुटीकवालीला देते गं. ती घरी येऊन मापं घेते."

"मावशी, आमच्याकडे लिफ्ट आहे की."

"आहे ना. माझ्याकडे नवरा पण आहे. चालतो का कधी?"

मावशी गेल्या तर वीस वर्षांचा धंदा त्यांच्या पदराला बांधूनच जाणार. "उद्या सकाळी पोरीला घेऊन जुन्या दारी या," त्या म्हणाल्या आणि वर जाऊन नवऱ्याला मशीन उचलायला लावलं.

"अगं, कालच ते गॅलरीत नीट बसवलं..."

"उतरवा."

सहा मजले. लिफ्टवाला मशीन खांद्यावर घेऊन बंद लिफ्टला शिव्या देत उतरला. काकांनी दार उघडलं. ताईंनी पुढची खोली रोज दिवसा शिवायला मागितली.

"माझी ना नाही," काका म्हणाले, "पण पोटभाडेकरू ठेवायचा झाला तर घरमालकाची परवानगी लागते. करारात आहे."

"अहो काका, मालकीण मीच."

"करारावर सही यांची आहे."

दोघांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "दिली परवानगी. आधी हे कुठं ठेवू ते सांगा."

खोलीच्या बदल्यात काकांनी भाडं कमी करून घेतलं, बसमध्ये ज्याने सुटे पैसे कधी सोडले नव्हते असा तो माणूस. हप्त्याचा खड्डा भरायला लिफ्टवाल्याला रविवारीही दुसऱ्यांच्या लिफ्टमध्ये लटकावं लागलं. गॅलरी रिकामीच. पण दुसऱ्या दिवशी मावशी लेकीला घेऊन आल्या, पोरगी खिडकीपाशी हात पसरून उभी राहिली, ताईंच्या तोंडात टाचण्या. बाहेर रांग लागली आणि काका रांगेला पुढे सरकवत होते.

काकांची अट एकच: जेवणानंतर ते आडवे होणार, तेव्हा मशीन बंद. ताई निमूट चाक थांबवतात. एका दुपारी डबा घ्यायला आलेल्या लिफ्टवाल्याने हे पाहिलं आणि त्याला झोंबलं.

"वीस वर्षं याच खोलीत दुपारी झोपायला बघत होतो. माझ्यासाठी कधी थांबवलंस का?"

ताईंनी दोरा दाताने तोडला. "हळू बोला, ते झोपलेत. आणि तुम्ही भाडं देत होता का?"