खालच्या मजल्यावरचं सार

त्रेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईचा मत्सर केला, आणि तोही एका सारावरून. थोडाथोडका नव्हे, अंगाचा तीळपापड व्हावा इतका. आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी रोज संध्याकाळी घराचं दार उघडताना आधी नाकाने वास घ्यायचे. आईच्या साडीला चिंचेचा वास आला की समजायचं, आजही ही खालीच जेवली.

मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि एकटी राहते. बाबा गेल्यापासून चार वर्षं मी आईच्या मागे लागले होते की माझ्याकडे ये. तिची कारणं संपत नव्हती. कधी गुडघे, कधी सोसायटीची पाण्याची टाकी, कधी भजनी मंडळ. शेवटी गेल्या एप्रिलमध्ये ती तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. पुण्यात आई शेजाऱ्यांची असते, मंडळातल्या बायकांची असते, इस्त्रीवाल्याच्या सुनेचीसुद्धा असते. इथे ती फक्त माझी असणार होती. आणि जाताना तिने आपणहून म्हणावं, की पुढच्या वर्षीही येते. मी म्हणायला लावायचं नाही, तिने आपणहून म्हणायचं. एवढं एकच मला हवं होतं.

तयारी मी प्रोजेक्टची करते तशी केली. फ्रीजवर तक्ता लावला, गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरले, शनिवार-रविवारच्या सहली ठरवल्या. सकाळी सहाला उठून तिचं जेवण करून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या काचेच्या शेगडीवर रिकामं पातेलं तापत ठेवलं आणि टीव्ही बघत बसली. त्या शेगडीला लहान मुलं असलेल्या घरांसाठी एक लॉक असतं. दुसऱ्या दिवसापासून मी ते लावून ऑफिसला जाऊ लागले. "आई, तू फक्त बस," मी म्हणायचे. "आयुष्यभर केलंस, आता आराम कर."

आराम तिला आठ दिवस पुरला. मग आमच्या दारावर केअरवोखंची पाटी आली. या भागात जिना झाडायची पाळी प्रत्येक घरावर आठवडाभर येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर ती पाटी लटकते. आईला पाटीचा अर्थ सांगितला, तर तिचा चेहरा उजळला. मी शनिवारी एकदाच झाडते. तिने रोज झाडायला घेतलं, आणि आपल्या मजल्यापुरतं नव्हे, पार तळघरापर्यंत. पाटी शेजारच्यांच्या दारावर गेली तरी हिचं चालूच.

तिथेच, जिन्यात, ती बाई आईला भेटली.

खालच्या मजल्यावर राहणारी ही बाई फिलिपिन्सची, इथल्या इस्पितळात नर्स. माझ्याच वयाची असावी. तीन वर्षांत आमचं 'हालो' आणि 'श्योनेन टाग' यांच्यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. रात्रपाळी करून ती सकाळी घरी येत होती आणि आई तिच्या पायरीवर केरसुणी घेऊन उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली, वाकली, आईचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे थोरामोठ्यांना असाच नमस्कार करतात.

हे मला आईनेच सांगितलं, तेही तीनदा. "किती वळण आहे बघ," म्हणाली. विमानतळावर मी आईला मिठी मारली होती. वाकायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिसऱ्यांदा ऐकताना मला वाटलं, हे मला ऐकवायलाच सांगतेय.

मग एका संध्याकाळी मायक्रोवेव्हमधलं जेवण तसंच सापडलं.

"जेवली नाहीस?"

"जेवले ना, खाली. सार केलं होतं तिने. चिंचेचं."

त्या साराचं नाव सिनिगांग. मुळात ते डुकराच्या मांसाचं किंवा माशाचं करतात. आईला, ज्या भांड्यात मटण शिजलं त्यातला भातसुद्धा गिळवत नाही. तिने हातवारे करून ते सगळं समजावलं म्हणे, आणि त्या बाईने दुसऱ्या दिवशी नवंकोरं पातेलं आणलं. नुसत्या भाज्यांचं सार, फक्त आईसाठी, वेगळ्या पातेल्यात. मुळा, वांगी, चवळीच्या शेंगा, अळकुड्या, टोमॅटो, एक अख्खी हिरवी मिरची. पाणी साधं नाही, तांदळाचं दुसरं धुवण. "आपण ते फेकून देतो, नाही तर झाडांना घालतो," आई कौतुकाने म्हणाली. "त्याने सार कसं मिळून येतं."

माझ्या पोटात दुखायला लागलं. मी सहाला उठून केलेली मटार-उसळ डब्यात गार पडली होती, आणि ही धुवणाचं कौतुक करत होती.

पुढे हे नेहमीचंच झालं. तिची सुट्टी असली की आई खाली. रात्रपाळी असली की ती झोपून उठल्यावर आई खाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई मराठीत बोलायची, ती जर्मनमध्ये. आईच्या तोंडात 'गेनाऊ' आलं, म्हणजे 'अगदी बरोबर'. मी म्हटलं, "आई, गोळी घेतलीस का?" तर ही म्हणते, "गेनाऊ!" मी तिला तक्त्यावर रोज एक जर्मन शब्द लिहून देत होते, त्यातला एकही तिने उचलला नव्हता.

एका शुक्रवारी मी घरून काम करत होते. खालच्या उघड्या खिडकीतून हसण्याचा आवाज येत होता. दोन मीटिंगांच्या मधे मी खाली गेले. निमित्त हवं म्हणून हातात कुणाचं तरी चुकून माझ्याकडे आलेलं पत्र घेतलं. दार तिने उघडलं.

"आख, या ना! आई कोळ काढतेय."

ती माझ्या आईला आई म्हणत होती. मी म्हणताना ऐकलं असणार आणि घेतलं उचलून.

स्वयंपाकघरात आई वाडग्यात बोटं बुडवून बसली होती. "ही बया पुडीतली पावडर घालत होती गं सारात," तिने मला पाहताच सांगितलं. "म्हटलं, चिंच आण. कोमट पाण्यात भिजव, आणि असा चोथा पिळ. मुठीने नाही, बोटांनी." त्या बाईने तिच्या शेजारी बसून बोटांनी पिळून दाखवलं. आईने मान डोलावली. "आता जमलं." शेल्फवर ते नवं पातेलं होतं. त्याच्या कानाला इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर रोमन लिपीत 'आई' लिहिलेलं.

मी पत्र तिथेच ठेवलं आणि वर येऊन मीटिंगमध्ये एका सहकाऱ्यावर विनाकारण खेकसले.

चिंच कोळायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याच्या घरात मी ओट्याजवळ गेले की आई म्हणायची, "इथे तुझं काय काम? जा, अभ्यास कर." बारावी झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी माझं काम नव्हतंच. आमटी मी इथे आल्यावर फोनवर विचारून शिकले, तेही अर्धीमुर्धी. आणि आता ती कुणा परक्या बाईची बोटं कशी वळतात ते बघत बसली होती.

म्हणून मी ठरवलं की सिनिगांग मीच करणार. तिच्यापेक्षा चांगलं करणार. मग आईला खाली जायचं कारणच उरणार नाही. ऑफिसातून दोन तास लवकर निघाले, एशिया लाडनमध्ये, म्हणजे आशियाई किराणा दुकानात, जाऊन मुळा, अळकुड्या, शेंगा आणि चिंचेची वडी घेतली. इंटरनेटवर सहा कृती वाचल्या, त्यांतली एक छापून ओट्यावर चिकटवली. आईला सांगितलं, "आज तू बाहेर बस. बघू नकोस." तिने हातातली भाजीची सुरी मुकाट्याने खाली ठेवली.

तांदळाचं धुवण बाजूला काढलं. चिंच भिजवली. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कागदावर लिहिलं होतं, कांदा-टोमॅटो पाण्यात उकळा. माझ्या हाताने तेल तापत ठेवलं. मोहरी तडतडली तेव्हा मी भानावर आले, पण तोवर हिंगही पडला होता. म्हटलं, असू दे, वासाने बरंच लागेल. कोळ घालून चव बघितली तर दात आंबले. इतकं आंबट कुणी कसं खाईल? फ्रीजमागचा गुळाचा डबा माझ्या हातात कधी आला, कळलं नाही. एवढासाच खडा घातला. मग अजून एवढासा.

आईने दोन घोट घेतले आणि चमचा ठेवला.

"चांगली झालीय."

"तिच्यासारखं झालंय का?"

"तिचं सार नाहीये हे. आमटी झाली ही, मुळ्याची." ती हसली. "गूळ घातलास ना? मीही पहिल्या दिवशी घालायला निघाले होते. तिने डबाच काढून घेतला माझ्या हातातून!"

त्या हसण्याने माझं सगळं सुटलं. त्या स्वयंपाकघरातल्या गमती तिला माझ्या टेबलावर बसून आठवत होत्या.

"तिला शिकवतेस," मी ओरडले. "तिची बोटं धरून शिकवतेस. मला कधी ओट्याजवळ उभं राहू दिलं नाहीस. जा म्हणायचीस. कायम जा."

"तू अभ्यास करावास म्हणून म्हणायचे."

"पण हाकलायचीसच ना?"

आईने वाडगा बाजूला सारला. मग शांतपणे म्हणाली, "आणि तू मला काय म्हणतेस?"

"काय म्हणते?"

"बस म्हणतेस. आजसुद्धा बाहेर बस म्हणालीस. शेगडीला कुलूप घालून जातेस, मी पोर असल्यासारखी. मला ते समजत नाही असं वाटलं तुला? खाली ती म्हणते, आई, शेंगा मोडा. आई, मीठ बघा. काही ना काही हातात देते. म्हणून जाते मी." ती पाणी प्यायली. "ते सार मला आवडतं असं तुला वाटतं? आंबटढाण असतं नुसतं. भाताबरोबर कसंबसं ढकलते."

मला वाईट वाटलं, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आत कुठे तरी आनंदही झाला, की तिचं सार आईला आवडत नाही. तेवढ्यातही मी तेच धरून बसले होते.

उठून मी शेगडीचं लॉक काढलं आणि कसं काढायचं ते आईला दाखवलं. एक बटण तीन सेकंद दाबून धरायचं असतं. तिने दोनदा करून बघितलं.

"उद्या शनिवार," ती म्हणाली. "सकाळी मी करते सगळं. तिलाही वर बोलव."

मला ती नको होती, पण मी बोलावलं.

शनिवारी माझ्या घरात आई ओट्याशी उभी होती, पदर खोचून. मला तिने मुळा सोलायला दिला, त्या बाईला शेंगा मोडायला. मी जाड साल काढतेय म्हणून दोनदा ओरडली. ते ओरडणं मला बरं वाटलं. सिनिगांगचं पातेलं शेगडीच्या एका बाजूला, आमटीचं दुसऱ्या. कोळ काढून झाल्यावर आईने वाडग्यातला चोथा उचलून उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

"इथली चिंच काही खरी नाही," ती त्या बाईकडे वळून म्हणाली. "जुनी आहे, नुसती काळी. थांब, पुढच्या वर्षी येताना मी घरची आणते."

माझा हात मुळ्यावरच थांबला. एप्रिलपासून मी त्या वाक्याची वाट बघत होते. ती बाई काही न कळून हसत माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"सांग ना तिला," आई म्हणाली.

मी जर्मनमध्ये सांगितलं की आई म्हणते, पुढच्या वर्षी ती माझ्याकडे येणार आहे, येताना चिंच आणेल. 'माझ्याकडे' हा शब्द आई म्हणाली नव्हती. तो मी माझ्या पदरचा घातला.