खंडेनवमीचा कीबोर्ड

वर्षश्राद्ध झालं आणि यंदा खंडेनवमीला सासूबाईंनी ह्यांचा कीबोर्ड कपाटातून काढून आतल्या खोलीत पूजेला मांडला. मनगटं दुखायची म्हणून ह्यांनी आणलेला, मधे उंचवटा असलेला, बिनवायरचा. बाहेर मी ह्यांच्याच लॅपटॉपवर कोरं पान उघडून बसले होते. माझे हात मांडीवर होते आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली. एकेक, थांबत थांबत, हे टाइप करायचे तशी.

लॅपटॉपला खोचलेला त्या कीबोर्डचा नखाएवढा रिसीव्हर मी कधी काढलाच नव्हता. माणूस गेल्याचं त्याच्या वस्तूंना कोण सांगणार?

आत गेले. सासूबाई बोटानं एकेका बटणाला हळदकुंकू लावत होत्या.

"झाली गं सगळी," त्या म्हणाल्या.

"कडेची राहिलीत, आई," मी म्हटलं, आणि घाईनं पडद्यासमोर येऊन बसले.