हर्राशीतली गुळ्ळव्वा

माझा आवाज मोठा आहे. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण लोकांच्या लक्षात माझं अक्षर राहिलं नाही, आवाज राहिला. जप्त मालाचा लिलाव निघाला की साहेब म्हणायचे, "गुरुप्रसादला उभा करा, माईकचं भाडं वाचेल." निवृत्तीनंतर तोच माझा धंदा झाला. आमच्याकडं लिलावाला हर्राशी म्हणतात. देवळातल्या नारळापासून बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या खुर्च्यांपर्यंत सगळ्याची हर्राशी मी बोलतो. घरात मात्र माझं कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

हर्राशीला येणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. घ्यायचं नसतं त्यांना काही. फुकटचा चहा प्यायचा, वस्तू उलट्यासुलट्या करायच्या आणि जाताना "लई महाग बोलतोय गुरुप्रसाद" म्हणायचं. या जत्रेत वीस वर्षं मी एका बाईची वाट पाहत आलो. बेंबळीच्या मथुराबाई कुंभार.

पहिल्यांदा त्या दिसल्या एका जुन्या डाकबंगल्याच्या हर्राशीत. लोक पलंग आणि पंख्यांवर तुटून पडलेले. ही नऊवारीतली बाई कोपऱ्यातल्या चिनी मातीच्या भांड्यांपाशी उकिडवी बसली होती. एकेक भांडं कानाशी धरायची आणि मधल्या बोटाचं पेर वाकवून त्यावर हलकी टिचकी मारायची.

"अहो बाई, मालाला हात लावू नका!" मी ओरडलो.

त्यांनी वर पाहिलं. "हात न लावता भांडं कसं घ्यावं, साहेब? तुमी वांगी तरी न चाचपता घेता का?"

मी वांगी चाचपूनच घेतो. त्यांनी मला जवळ बोलावून एक बरणी ऐकवली. टण्ण वाजली. दुसरी ऐकवली, ती भद्द वाजली. "हिला आतून चीर हाय. वरून दिसायची न्हाय. ही मुकी झाली," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी कान तुटलेली एक किटली घेतली. निळ्या पक्ष्यांची नक्षी असलेली. बाकीचे हसले. कुंभारणीनं भांडी विकत घ्यायची म्हणजे माळणीनं बाजारातून कोथिंबीर आणायची. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

पुढं त्या दर हर्राशीला दिसू लागल्या. बेंबळीच्या आठवडी बाजारात चुली, पणत्या, पोळ्याचे बैल विकायच्या आणि त्यातून चार पैसे राहिले की एस.टी. पकडून हर्राशीला यायच्या. एकदा अणदूरहून परतताना मी त्यांच्या घरी पाणी प्यायला थांबलो. दोन खोल्या. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत फळ्या आणि फळ्यांवर तपकिरी गळ्याच्या बरण्या, हुक्क्याचा बुधला, निजामाच्या काळातल्या जेवणाच्या बशा, एक चिनी म्हातारा, एक मान नसलेला घोडा. मला वाटलं, ह्या आता ही भांडी कपाटातल्या देवासारखी जपत असतील. कसलं काय! एका बरणीत लोणचं, एकीत चिंच, बुधल्यात मीठ. "भांडं रिकामं ठिवलं की त्याला वाईट वाटतंय," म्हणाल्या आणि त्या निळ्या पक्ष्यांच्या किटलीतूनच मला चहा ओतून दिला. कान नसल्यामुळं फडक्यानं धरावी लागली, पण चहा झकास होता.

"एवढं सगळं कशापायी, मथुराबाई?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सासूचं सांगितलं. सासूचं नाव सिद्धम्मा. माहेर आळंदकडचं, बोली अर्धी कानडी. मथुराबाई बाराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आल्या. सिद्धम्मानं दोन वर्षं त्यांना तळ्यावर माती आणायला पाठवलं नाही; पोरीची कंबर मोडेल म्हणायची. रात्री आपल्या कुशीत घेऊन निजवायची. पुढं मथुराबाईंना मूलबाळ झालं नाही. भावकीतली चार माणसं त्यांच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरवायला आली, तर सिद्धम्मा उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "दुसरी सून आणायची तर आधी मला नदीत सोडा." माणसं उठून गेली आणि परत आली नाहीत.

"सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलं बगा तिनं," मथुराबाई म्हणाल्या. "आन आता तिचा फोटू न्हाय. तिच्या हातचं एक टवकंबी न्हाय."

त्याला कारण होतं. कुंभाराच्या घरात चाक पुरुष फिरवतो. बाईनं हातानं घडवायचं. सिद्धम्मा माहेरची रीत म्हणून आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा करायची. गुळ्ळव्वा म्हणजे वीतभर मातीची बाई. गल्लीतल्या पोरी तिची पूजा करायच्या, गाणी म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी नदीत सोडायच्या. कच्ची माती ती, घटकाभरात पाणी होऊन जायची. चाळीस वर्षं सिद्धम्मानं गुळ्ळव्वा केल्या आणि चाळीस वर्षं त्या नदीनं नेल्या. पण कधीमधी एखादा हौशी माणूस शोभेसाठी मागायचा, तेव्हा ती एखादी भट्टीत भाजून द्यायची. भाजलेली माती विरघळत नाही. तशी एखादी कुठल्या तरी मोठ्या घरच्या कपाटात असणार आणि मोठ्या घरची कपाटं एक ना एक दिवस हर्राशीत निघतात, असा मथुराबाईंचा हिशोब.

"मग ह्या बरण्या?"

"गुळ्ळव्वा घावली न्हाय की रिकाम्या हातानं कसं यावं? कुणाच्या तरी हातचंच हाय की हेबी."

वीस वर्षं त्या अशा फिरल्या.

मागच्या हिवाळ्यात तुळजापूरचे विष्णुपंत गुरुजी नव्वदीत वारले. तरुणपणी ते बेंबळीच्या शाळेत मास्तर होते. जुन्या मातीच्या वस्तू जमवायचा नाद जन्मभर. तेर या दोन हजार वर्षं जुन्या गावाच्या रानात पावसानंतर उघड्या पडणाऱ्या खऱ्या प्राचीन वस्तू त्यांनी कधीच सरकारजमा केल्या होत्या. घरात उरल्या त्या बरण्या, सुरया, बशा आणि काही बाहुल्या. नातू कैवल्य पुण्यात नोकरीला. घर विकायचं होतं म्हणून त्यानं सामानाची हर्राशी ठरवली आणि मला बोलावलं.

सामान लावताना कपाटाच्या मागून एक वीतभर मूर्ती निघाली. भाजलेल्या मातीची बाई, कडेवर घागर, दुसरा हात कमरेवर, नाक थोडं एका अंगाला झुकलेलं. कुठली, कुणाची ते सांगणारी चिठ्ठी निघून गेलेली. कैवल्य म्हणाला, "काका, ही तेरची असेल का?" आणि इथं मी शेण खाल्लं. शंभर वर्षांवरची मूर्ती अशी नोंदणीशिवाय, परवान्याशिवाय विकता येत नाही, हा कायदा मला पाठ. पण 'दोन हजार वर्षं' हे शब्द तोंडात असे काही घोळले की मी ते यादीत लिहून टाकले. वाकडं नाक तर काळानं झिजलेलं, असंही वर सांगत सुटलो.

आदल्या दिवशी माल बघायला लोक आले. मथुराबाई आल्या. एकेका भांड्याला टिचकी मारत मूर्तीपाशी पोचल्या आणि हात तसाच अधांतरी राहिला. चेहरा पांढराफटक. मी पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत त्या तिथंच, मूर्तीसमोर जमिनीवर बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी हर्राशी सुरू झाली. मूर्तीचा नंबर आला तसा मी घसा साफ केला. उमरग्याचे हॉटेलवाले नागप्पा बोलले. मथुराबाईंनी बोली वाढवली. नागप्पांनी परत वाढवली. असं चारपाच वेळा झालं आणि मथुराबाईंचा हात वर गेला नाही. मी म्हणालो, "एक वार." त्या पदराच्या गाठीकडं बघत होत्या. "दोन वार."

"थांबा!" त्या उभ्या राहिल्या. "ती तेरची न्हाय. ती दोन हजार वर्साची बी न्हाय. माज्या सासूनं केलीया ती, बेंबळीत."

सगळी सभा हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारी लई हुशार, भाव पाडायला बघतीय." मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

"हलवून बगा," त्या म्हणाल्या. "पोटात वाजंल. मुकी बाहुली पोरीला देऊ नये, म्हणायची ती. मातीची गोळी राखंत घोळून आत सोडायची, म्हंजी भाजताना चिकटत न्हाय. मग बूड लिंपायचं आन जवारीच्या काडीनं तिरपं भोक पाडायचं, वाफ जायला. गोळी तीच घालायची. मला कदी हात लावू दिला न्हाय."

मी मूर्ती उचलली. बुडाशी तिरपं भोक होतं. कानाशी नेऊन हलवली. खुळ्ळ खुळ्ळ. नागप्पांनी हात जोडले आणि खाली बसले. माझ्या डोक्यात मात्र भलताच प्रकाश पडला. ही बाई बोलली नसती तर प्राचीन मूर्ती विकल्याबद्दल उतारवयात मी कुठल्या कचेरीच्या बाकावर बसलो असतो, देव जाणे. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

कैवल्य म्हणाला, "आजोबांची वही आहे. त्यांनी प्रत्येक वस्तू लिहून ठेवली आहे." कालच ही वही बघायला काय झालं होतं, हे मी त्याला विचारणार होतो, पण मग तेच मला स्वतःलाही विचारावं लागलं असतं. त्यानं पेटीतून वही आणली आणि पानं उलटत एका ठिकाणी थांबला.

"ऐका," तो म्हणाला, आणि वाचू लागला. "बेंबळी, आषाढ. भाजलेली गुळ्ळव्वा, घागरवाली. सिद्धम्मा कुंभारीण स्वतः शाळेत घेऊन आली. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, ही माझ्या सुनेनं पहिल्यांदा केलेली. पोर म्हणाली नाक वाकडं झालं, मोडून टाका. मी मोडली नाही. चोरून भाजली. घरात ठेवली तर पोरी नदीला नेतील. गुरुजी, तुमच्या कपाटात राहू द्या."

मथुराबाई खाली बसल्या.

"मोडून टाकली म्हणाली हुती मला," त्या म्हणाल्या. "म्याच मोडा म्हणाले हुते, तरी लई रडले. चौदा वर्साची असंन. तिनं मला मांडीवर घेतलं आन म्हणाली, मोडली तर मोडली, दुसरी कर." डोळ्यांतलं पाणी गालांवरून खाली ओघळत होतं, पुसायचंही भान नव्हतं. "नाकावरनंच कळाया पायजे हुतं. तिच्या हातच्या गुळ्ळव्वेचं नाक कदी वाकडं झालं न्हाय. वीस वर्सं म्या तिच्या हातचं हुडकत फिरले, आन तिनं माज्या हातचं जपून ठिवलं हुतं."

कैवल्य मूर्ती घेऊन त्यांच्यापाशी गेला. "आजी, ही तुमचीच आहे. घेऊन जा."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "हर्राशीतली वस्तू हर्राशीतच घ्यायची. फुकट नेली तर तुमच्या आजोबांचा मान काय ऱ्हायला? साठ वर्सं संबाळली त्यांनी. बोला, गुरुसाहेब."

मी पहिल्यापासून बोली काढली. त्यांनी गाठीतली पहिली नोट काढून वर धरली. मी सगळ्या सभेकडं नजर फिरवली. नागप्पांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले होते. त्यांचं बघून एकेकानं हात मागं घेतले. फुकट चहा पिणारी तीच माणसं ती. आयुष्यभर मी त्यांच्यावर चिडलो, पण त्या दिवशी सगळी मला भावासारखी वाटली. मी "एक वार" म्हणालो. "दोन वार" म्हणालो. तिसऱ्याला माझा एवढा मोठा आवाज निघेचना. शेवटी सभेनंच म्हटलं, "तीन वार!"

कैवल्यनं मूर्ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पदरात गुंडाळून पोटाशी धरली. मग तो वही घेऊन शेजारी बसला.

"आजी, शेवटी एक ओळ आहे," तो म्हणाला. "करणारीचं नाव, म्हणून लिहिलंय आणि पुढं एवढंच, सिद्धम्माची सून. खरं नाव विचारायचं आजोबांकडून राहिलं. आता मी लिहितो. पूर्ण नाव सांगा."

मथुराबाईंनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं त्यांना, म्हणून कैवल्यकडून ती ओळ नेमकी कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवून घेतलं. बोट त्यावरून एकदा फिरवलं.

"खोडू नका, बाळा," त्या म्हणाल्या. "त्येच माजं नाव हाय."