दोनशे बारा वेळा निघालेलं करंजाचं रोप

"काठावर खड्डे सहाशे. रजिस्टरात वाहतूक आठशे बारा रोपांची. बाकी के दो सौ बारह पौधे कहाँ हैं, ओवरसियर साहब?"

ऑडिटरसाहेबांनी हे अगदी शांतपणे विचारलं. आरडाओरडा करणारा ऑडिटर परवडतो, शांत माणसाची भीती वाटते. त्यात माझ्या तर नोकरीवरच बेतलं होतं.

कारण सांगतो. छप्पनच्या नोव्हेंबरात नागपूरचं राज्य जाऊन आम्ही बुऱ्हाणपूरवाले भोपाळच्या नव्या राज्यात आलो होतो. चार ठिकाणची नोकरमंडळी एकाच यादीत बसवायचं काम चालू होतं. मी टेंपररी ओवरसियर. यादीत नाव लागलं तर नोकरी पक्की. नावापुढे ऑडिटचा आक्षेप लागला तर लोधीपुऱ्यात घरी बसायचं. त्यात माझं लग्न ताजं आणि सासरे हेडमास्तर. त्यांना मी "तसा पर्मनंटच आहे" असं सांगून बसलो होतो.

काम होतं तापीच्या काठावर झाडं लावायचं. दर पुरात काठ ढासळायचा आणि केळीच्या बागा नदीत जायच्या. झाडांच्या मुळ्यांनी माती धरून ठेवावी, म्हणून नागपूरच्या सरकारनं पैसे मंजूर केले होते. पण सरकार पैसा एका थैलीत देत नाही हो. पुड्या बांधून देतं. प्रत्येक पुडीला आम्ही 'हेड' म्हणतो. खड्ड्यांचं एक हेड, रोपांचं एक, काटेरी कुंपणाचं एक, गाडीभाड्याचं एक. एका हेडचा पैसा दुसऱ्या कामाला लावला की आक्षेप. न वापरता ठेवला तर एकतीस मार्चला परत.

पाण्याचं हेड नव्हतं. ते मागाहून येणार होतं. तेवढ्यात राज्य बदललं, कागद पेट्यांत भरले गेले, आणि आमच्या पाण्याचा कागद नागपूर नि भोपाळच्या मध्ये कुठंतरी बसला. भोपाळला पत्र लिहिलं की ते विचारत, मूळ मंजुरी दाखवा. नागपूरला लिहिलं की ते म्हणत, आता भोपाळला विचारा.

डिसेंबरात रोपांनी माना टाकायला सुरुवात केली. नदी डोळ्यांसमोर, पण काठ दोन पुरुष उंच. पाणी आणायचं म्हणजे फेरा घेऊन घाटावर उतरायचं आणि बैलगाडीनं वर चढायचं. मी खंडव्याला मोठ्या साहेबांकडे गेलो.

ते म्हणाले, "नियम मोडायचा नाही. झाडंही मरू द्यायची नाहीत."

"हे लेखी द्याल का साहेब?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

परत येताना गाडीत बसून मी हेडं पुन्हा मोजली. गाडीभाड्यात रग्गड शिल्लक होती. नागपूरनं धरलं होतं की रोपं खंडव्याहून येतील. ती मिळाली इथंच, सिंधीपुऱ्याच्या पलीकडच्या मळ्यात. पण त्या हेडवर स्वच्छ लिहिलेलं, 'रोपांची वाहतूक'. रोपांची म्हणजे रोपांचीच.

मग एक रोप नेलं तर?

सुपडूभाऊंना बोलावलं. त्यांची केळीची बाग काठालाच लागून, आदल्या पुरात पंधरा हात गेलेली. त्यांनी गाडीवर पाण्याचा ड्रम चढवला, ड्रमवर फळी टाकली आणि फळीवर तुपाच्या डब्यात लावलेलं करंजाचं एक रोप ठेवलं. गाडी निघाली. रोपाची वाहतूक झाली, सोबतचं पाणी वाटेत आपोआप सहाशे खड्ड्यांना मिळालं. रोज दोन फेऱ्या. तेच रोप जायचं, तेच परत यायचं.

इथवर मी हुशार. पुढचा गाढवपणाही माझाच. खोटं लिहायला हात धजेना, म्हणून प्रत्येक फेरीपुढे इमानदारीत लिहीत गेलो: रोप एक. दोनशे बारा फेऱ्या, दोनशे बारा रोपं. मार्चात ऑडिटरसाहेबांनी बेरीज केली आणि माझ्या नावावर दोनशे बारा रोपांची अफरातफर निघाली.

खरं सांगितलं तर एका हेडचा पैसा दुसऱ्याला. न सांगितलं तर चोर. मी म्हणालो, "साहेब, साइटवर चला."

काठावर पोचलो तर समोरून सुपडूभाऊंची गाडी चढत होती. ड्रमवर करंज डुलत होता. फळीवरून उसळणारं पाणी रोज पहिलं त्यालाच मिळायचं, त्यामुळे सगळ्या रोपांत तोच गब्बर झाला होता.

ऑडिटरसाहेबांनी गाडी थांबवली. "यह पौधा जा कहाँ रहा है?"

सुपडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

"काठावर, साहब."

"तो लगा क्यों नहीं देते?"

"हे खाली उतरवलं, तं उद्या पाणी कशाच्या नावावर आणू?"

साहेब चालत पार शेवटच्या खड्ड्यापर्यंत गेले. रोपांना नवी पालवी होती. बोटानं माती दाबून पाहिली, ओली होती. परत आले, गाडीच्या साटीवर रजिस्टर ठेवलं आणि मला म्हणाले की आमच्या ग्वाल्हेरकडे झाड लावणं म्हणजे पाणी घालणं धरूनच असायचं, तुम्हा नागपूरवाल्यांची अक्कल वेगळी. मी मान हलवली. त्या घटकेला कोणाचीही अक्कल मान्य होती मला.

मग त्यांनी शेरा लिहिला: 'पौधा एक ही है. मार्ग में है. कोई पौधा गुम नहीं.'

आक्षेप नाही! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ऑडिटरच्या पाया पडणंही कुठल्याशा नियमात बसत नसेल म्हणून थांबलो.

मे महिन्यात पाण्याची मंजुरी आली. सोबत अटही आली: बुऱ्हाणपूरच्या मान्य पद्धतीप्रमाणे पाण्याच्या प्रत्येक गाडीवर किमान एक रोप असावं. पुढं कित्येक वर्षं पार दुसऱ्या जिल्ह्यांतसुद्धा पाण्याच्या गाड्यांवर एकेक रोप फिरत राहिलं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. यादीत माझं नाव लागलं आणि सासऱ्यांना सांगितलेलं खरं ठरलं.

नव्या ओवरसियरांना मी एवढंच सांगत आलो, सरकारकडे आधी पाण्याचे पैसे मागा, झाडाचे नंतर.

करंज आम्ही जुलैत सुपडूभाऊंच्या बांधावर उतरवला. आता दोघांच्या कवेत मावत नाही, आणि त्यापुढे काठ तसूभर सरकलेला नाही. रिटायर होताना चार्ज देण्यासाठी ते जुनं रजिस्टर मी उघडलं. लावल्याची नोंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मीही केली नाही. सरकारदरबारी ते रोप अजून वाटेतच आहे.